हनीफभाईंचा रकाना

काशिनाथचा फोन आला तेव्हा मी खारघरमधल्या एका कॉलेजच्या मागच्या आवारात जनरेटरचं मीटर वाचत उभी होते. काशिनाथ ओवे गावचा, आमच्या एका मोठ्या ऑफिस-इमारतीच्या तळघरात एसीच्या प्लांटवर ऑपरेटर आहे. तो सहसा फोन करत नाही, मिस्ड कॉल देतो. म्हणाला, "मॅडम, हनीफभाय गेलं." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. मला वाटलं पुन्हा आखातात गेले, नाहीतर मुलीकडे मुंब्र्याला. पलीकडून तो म्हणाला, "कुठं म्हंजे... वारलं. काल दुपारचं जेवून आडवं झालं त्ये उठलंच नाय. दफन पण झाला." माझ्या कागदावर आकडा अर्धाच लिहिलेला होता. तो मी पूर्ण केला, खाली रेघ मारली आणि मगच तिथल्या कट्ट्यावर बसले. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी आकडा पूर्ण करणारी बाई मी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझं काम लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. मोठ्या इमारती वर्षभरात वातावरण तापवणारे वायू किती सोडतात, त्याची मी मोजदाद करते. "इमारत कुठे धूर सोडते?" असं माझी सख्खी बहीण मला अजून विचारते. सोडते, पण दुसऱ्यांच्या नाकाने. तिच्यासाठी वीज कुठेतरी लांब कोळसा जाळून तयार होते, तळमजल्यावर जनरेटर डिझेल पितो, कँटीनमध्ये शेगड्या पेटतात आणि एसीच्या यंत्रात एक गॅस फिरत असतो. हा शेवटचा गॅस सगळ्यात बेरका. त्याला ना रंग, ना वास. एक किलो हवेत निसटला तरी कार्बन डायऑक्साइडच्या हजार-दीड हजार किलोंइतकं वातावरण तापवतो. मी हे सगळं एका फॉर्मवर मागवते, बेरीज करते, अहवाल लिहिते आणि खाली सही करते. साताऱ्याकडची बाई खारघरच्या फ्लॅटमध्ये बसून इमारतींचं पाप मोजते, असं हनीफभाई म्हणायचे.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या आळसामुळे. त्या इमारतीचा अहवाल मी आधी दोन वर्षं केला होता आणि दोन वर्षांत एकदाही तळघरात उतरले नव्हते. मॅनेजर फॉर्म भरून पाठवायचे, मी बसल्या जागी तो उतरवून घ्यायचे. तिसऱ्या वर्षी डिझेलचा आकडा काही केल्या जुळेना, म्हणून नाइलाजाने खाली गेले. खाली चिलर होतं, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या एसीला गार पाणी पुरवणारं खोलीभर मोठं यंत्र. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. त्या गोंगाटात एक शिडशिडीत गृहस्थ टेबलापाशी बसून चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून काहीतरी लिहीत होते. पांढरी आखूड दाढी, इस्त्रीचा निळा शर्ट, खिशाला दोन पेनं. प्लांटचे मुख्य टेक्निशियन, हनीफभाई. पनवेलचेच, उरण नाक्याच्या बाजूला घर. वीस-बावीस वर्षं आखातात एसीची कामं करून परत आलेले. मी माझं डिझेलचं काम उरकून निघाले, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या कागदात आमच्या गॅसचं काय लिहिलंय?"

मी फॉर्म बघून सांगितलं, "लीकेज निल. तिन्ही वर्षं."

ते हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. त्यात छापील रकाना होता, गॅस टॉप-अप. त्याखाली आकडे होते, पाच किलो, नऊ किलो, पुन्हा सहा. मी चिडले. म्हटलं, "मॅनेजरांनी सरळ खोटं लिहून दिलंय की." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "नाही नाही, खोटं कुणीच बोललं नाही. आमच्या धंद्यात लीकेज म्हणजे काय माहितेय? साबणाचं पाणी लावलं, फुगा आला, प्लांट बंद पडला, वरच्या मजल्यावरून बोंब आली, तर ते लीकेज. बाकी गॅस कमी झाला, भरला, तर ती सर्व्हिस. तुम्ही विचारलं लीक आहे का. त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही विचारायला पाहिजे होतं, गॅस किती भरला. आणि मॅडम, भरला तर आधीचा गेला कुठे? चिलर काय पितो का चहासारखा?"

एका इमारतीचं जाऊ द्या. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या इमारतींच्या फॉर्मवर मी हाच प्रश्न याच शब्दांत विचारत आले होते आणि बहुतेक सगळीकडून मला तेच 'निल' आलं होतं. एवढं शिकून, एवढ्या कार्यशाळांना चहा-बिस्किटं खाऊन, मला कधी वाटलं नाही की आपला शब्द आणि तळघरातला शब्द वेगळा असू शकतो. रजिस्टर खोटं नव्हतं, फॉर्मही खोटा नव्हता आणि माझा अहवाल मात्र तीन वर्षं चुकलेला होता. मी त्यांना म्हटलं, यंदाचा फॉर्म तर गेला, पण तुम्ही वर्षभर नीट वजन करून लिहा, पुढच्या अहवालात मी हे धरते. हे मीच म्हणाले होते. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

त्यांनी मग जे केलं ते मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. त्यांच्या मेव्हण्याचं मटणाचं दुकान आहे, तिथला हुकाला टांगायचा जुना काटा ते घेऊन आले. सिलिंडर लावायच्या आधी टांगायचा, वजन लिहायचं. काढल्यावर पुन्हा टांगायचा, पुन्हा लिहायचं. सोबत काशिनाथची सही. काशिनाथ वैतागायचा. "भाय, आमी काय बकरा कापताव काय हितं," म्हणायचा. आणि छापील 'टॉप-अप'च्या शेजारी त्यांनी पट्टीने दोन रेघा ओढून एक नवा रकाना केला. त्यावर मराठीत लिहिलं, 'गेला'. भरला किती हे कंपनीला पाहिजे, गेला किती हे मॅडमना पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दर महिन्याला त्या पानाचा फोटो माझ्या फोनवर यायचा. अक्षर ठसठशीत, आकड्यावर खाडाखोड नाही आणि चुकलंच तर एक सरळ रेघ मारून शेजारी सही.

मी एकदा विचारलं, तुम्हाला एवढी पडलीय कशाला? आम्ही कंट्रोलच्या खोलीत जेवत होतो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती, मला बोंबील दिला होता आणि मी काटे शोधत बसले होते. "घाटावरची माणसं मासा खातात की सर्व्हे करतात?" असं म्हणून त्यांनी आधी माझी टर उडवली. मग जरा वेळाने आपणहून बोलले. आखातात मोठ्या मॉलचं यंत्र खोलायचं असेल तर आतला सगळा गॅस काढून घ्यायला वेळ लागे आणि फोरमनला वेळ नसे. मग गच्चीवर जायचं, व्हॉल्व्ह उघडायचा आणि सगळा सोडून द्यायचा. "वर्षानुवर्षं सोडला, मॅडम. शिट्टीसारखा आवाज यायचा, नळी बर्फासारखी व्हायची, आम्ही त्यावर हात गार करून घ्यायचो. कुणी सांगितलंच नाही. इथे आल्यावर एका ट्रेनिंगमध्ये समजलं तो काय करतो ते. त्या रोजी मी घरी जाऊन जेवलो नाही. किती सोडला त्याची गिनती नाही. आता जेवढा माझ्या हातून जातो, तेवढा तरी लिहिलेला असावा..." एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला.

वर्ष भरलं. मी अहवाल केला, त्यात हनीफभाईंचा रकाना धरला आणि बेरीज दोनदा करून पाहिली. त्या इमारतीला त्याच वर्षी हरित इमारतीचं मानपत्र हवं होतं. सलग घट दाखवायची होती. विजेत घट होतीच, डिझेलही कमी झालं होतं, पण गॅस धरल्यावर आलेख सरळ वर चढत होता. मॅनेजरांनी मला वर केबिनमध्ये बोलावलं, कॉफी दिली. माणूस वाईट नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. म्हणाले, "मॅडम, गॅस काय यंदाच जायला लागला का? आधीपण जात होता, तुम्ही धरला नव्हता. आता धरलात तर लोकांना वाटणार आम्हीच बिघडलो. हे बरोबर आहे का?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हीच तर अडचण. खरं म्हणजे मागची तीन वर्षं दुरुस्त करायला हवी होती. मग माझ्या तीन सह्या चुकल्या असं जाहीर झालं असतं. आमच्या कंपनीच्या साहेबांनी फोनवर तोडगा काढला. गॅसचा आकडा यंदा बेरजेत घेऊ नका, खाली तळटीप द्या, 'प्लांट ऑपरेटरच्या नोंदी पडताळणीखाली आहेत.' पुढच्या वर्षी बघू.

मी ती तळटीप टाइप केली. कुणी माझा हात धरला नव्हता. त्या वेळी मला ती फार सभ्य वाटली होती, कुणावर आरोप नाही, कुणाचं नुकसान नाही. मानपत्र आलं, काचेच्या चौकटीत लॉबीत लागलं. हनीफभाईंनी ते पाहिलं आणि मी मॅनेजरांकडे आले होते तेव्हा मला भेटायला वर आले. इंग्रजी त्यांना चांगलं वाचता येई, आखातातली सवय. अहवालाची प्रत त्यांनी कुठून तरी मिळवून वाचली होती. म्हणाले, "मॅडम, माझ्या नोंदीत काही गलत सापडलं का?" मी म्हटलं, "छे हो, तसं नाही. ही भाषा असते अहवालाची. पुढच्या वर्षी घेऊ." ते म्हणाले, "भाषा असते," आणि मान हलवून खाली निघून गेले. मी लिफ्टपर्यंतसुद्धा गेले नाही.

त्यानंतर माझ्या फोनवर पानांचे फोटो यायचे बंद झाले. मला ते महिनाभर लक्षातच आलं नाही आणि आल्यावर वाटलं, रागावले असतील, येतील ताळ्यावर. काही महिन्यांनी वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर ते अचानक भेटले. संध्याकाळ होती, हातात शेंगांची पुडी. थोडे वाळले होते. म्हणाले, "सोडली नोकरी. आता आराम. मेव्हण्याच्या दुकानात बसतो कधी कधी, काटा त्याचा त्याला परत दिला." मी म्हटलं, बरं केलंत, त्या आवाजात कान जातात माणसाचे. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. निघताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "ते पडताळायचं झालं का, मॅडम?" मी म्हटलं, "चालू आहे." चालू काही नव्हतं. फाइल माझ्या कपाटात होती आणि मी तिला हातही लावलेला नव्हता. ही आमची शेवटची भेट.

तर काशिनाथच्या फोननंतर दोन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी रशीदाभाभींची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घराबाहेर न पडता पाळायचा काळ, चालू होती, त्यामुळे त्या घरातच होत्या, बायकांना भेटत होत्या. मी एकदाच आधी ईदला त्या घरी जाऊन आले होते, तरी त्यांनी मला ओळखलं. "या बाई, बसा. तुमचं नाव घ्यायचे," म्हणाल्या. मुलीने सरबत दिलं. मग भाभी उठल्या आणि कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे कंपनीचं पत्र. इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. त्यांना विचारलं तर म्हणायचे, कामाचं नाही ते. मुलीलाही हात लावू दिला नाही. गेल्यावर उशीखाली मिळालं. तुम्ही शिकलेल्या आहात, कामातल्या आहात, सांगा ना काय लिहिलंय."

मुलगी म्हणाली, "अम्मी, मी वाचते म्हटलं होतं ना." भाभी म्हणाल्या, "तू रडशील. बाईंना वाचू दे."

पत्र एका परिच्छेदाचं होतं. एसीचं कंत्राट नव्या कंपनीकडे गेलं होतं आणि नव्या कंपनीने हनीफभाईंना कामावर ठेवायचं नाकारलं होतं. कारण दिलं होतं. त्यांनी कंपनीच्या रजिस्टरमध्ये परवानगी न घेता स्वतःचा रकाना आखला, त्यात अविश्वासार्ह नोंदी केल्या आणि... पुढचं वाक्य मी मनात दोनदा वाचलं, तरी ते तेच राहिलं. इमारतीच्या उत्सर्जन-सल्लागारांनीही सदर ऑपरेटरच्या नोंदी पडताळणीखाली असल्याचं आपल्या अहवालात लेखी नमूद केलं आहे. अवतरणचिन्हांत माझेच शब्द होते, माझ्या टंकनाच्या एका चुकीसकट. नोकरी त्यांनी सोडली नव्हती. आणि तळ्याच्या कट्ट्यावर त्यांनी मला जे विचारलं होतं, ते सहज विचारलं नव्हतं. त्यांना माझ्याकडून एक कागद हवा होता, तो त्यांनी मागितला नाही.

मी भाभींना सगळं मराठीत वाचून दाखवलं. वगळता आलं असतं, त्यांना कळलंही नसतं. ते वाक्यही वाचलं. भाभींनी विचारलं, "म्हणजे ते खोटं लिहायचे, असं कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "खोटं असं नाही म्हटलेलं. तपासायचं बाकी आहे, असं म्हटलंय." त्या म्हणाल्या, "तेच की. कुणी?"

"मी," म्हटलं.

मुलगी उठून आत गेली. भाभी रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग तपासलं का?"

दुसऱ्या दिवशी मी फाइल काढली. काशिनाथला फोन करून इमारतीच्या गेटवरच्या रजिस्टरची पानं मागवली, कारण आत येणारा प्रत्येक सिलिंडर आणि बाहेर जाणारा प्रत्येक रिकामा सिलिंडर गेटवर वॉचमन लिहितो, त्याचा हनीफभाईंशी संबंध नाही. काशिनाथने कुणाला न विचारता पानं पाठवली. "माझी बी सही हाय त्या रजिस्टरात, मॅडम. मी काय खोटा हाय काय?" एवढंच म्हणाला. मी एकीकडे गेटची पानं ठेवली, दुसरीकडे त्यांनी पाठवलेले फोटो, आणि महिन्यामागून महिना जुळवत गेले. सगळं जुळलं. एका ठिकाणी अर्ध्या किलोचा फरक निघाला, तिथे त्यांनी गेलेला गॅस जास्त लिहिला होता. मी जेवून बसले होते आणि चहाच्या वेळेला उठले. जे मी 'चालू आहे' म्हणून सांगितलं होतं, त्याला एक दुपार लागली. ते या पत्राने गेले असं मी म्हणत नाही, हृदयाचं दुखणं त्यांना आखातापासून होतं. पण ते संशयित म्हणून गेले आणि तो संशय माझ्या हातचा होता. हे मला कुठल्याच भाषेत सौम्य करून लिहिता येत नाही.

मी तळटीप मागे घेतली. नोंदी पडताळल्या, अचूक आहेत, आधीच्या तीन वर्षांचे माझे अहवाल चुकीचे आहेत, असं पत्र इमारतीला, नव्या कंपनीला आणि आमच्या साहेबांना पाठवलं. साहेब माझ्याशी सध्या बोलत नाहीत. इमारतीकडून दोन ओळींचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे, पुढील वर्षी विचार करू. मानपत्र लॉबीत अजून आहे. माझ्या फॉर्मवरचा प्रश्न मी बदलला आहे. आता मी लीकेज विचारत नाही, किती भरला ते विचारते, आणि ज्या इमारती इतकी वर्षं 'निल' होत्या तिथून आता आकडे येताहेत. ते बघून आनंद होत नाही. हनीफभाई एकटेच लिहीत होते तेव्हा बाकीच्या इमारतींतून किती गेला असेल, हाच विचार डोक्यात राहतो.

पत्राची एक प्रत घेऊन मी परवा पुन्हा भाभींकडे गेले. तेही इंग्रजीतच आहे, अशी पत्रं इंग्रजीतच लिहावी लागतात. मी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. हनीफ यांच्या सर्व नोंदी तपासल्या, त्या खऱ्या आहेत. भाभींनी मला तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग कागद माझ्या हातातून घेतला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मला वाचून दाखवावं लागतं, बाई," त्या म्हणाल्या. "त्यांना नसतं लागलं."

टेबलावर हनीफभाईंचा चष्मा होता, काड्या उघड्याच. भाभींनी कागद त्याच्या खाली सरकवला, अक्षरं वर येतील असा.